विलासचा खटका

आमच्या गल्लीत रोज सकाळी एक माणूस मोठमोठ्यानं भांडत असतो. "तुला सांगितलं कुणी? मला विचारलंस काय? घर माझं, वीज माझी, आन् तू कोण रं मधी?" नवा भाडेकरू आला की पहिल्या दिवशी हळूच खिडकी लावून घेतो. त्याला वाटतं, नवरा-बायकोचं पेटलंय. तसं काही नसतं. विलास पोवारला बायकोच नाही. तो मोबाईलशी भांडत असतो.

मोबाईलनं काय केलेलं असतं? हा अंघोळीला गेला तेवढ्यात तो आपल्या मनानं अपडेट झालेला असतो. काल डावीकडं असलेलं बटण आज उजवीकडं गेलेलं असतं. तुम्ही-आम्ही म्हणू, बरं बाबा, उजवीकडं तर उजवीकडं. विलास म्हणत नाही. "मामा, तुमी बाजारात गेला आन् कुणीतरी येऊन तुमच्या चुलीची जागा बदलली, तर चालंल?" मी म्हणतो, माझ्या घरात आता चूल पेटवतंय कोण. तर म्हणतो, "विषय बदलू नका."

शिवाजी पेठेतल्या आमच्या बोळात त्याचं दार बरोबर माझ्या दारासमोर. वय पन्नाशीच्या पुढं. एका कॉलेजात कॉम्प्युटरच्या खोलीवर नोकरीला होता, तिथं साहेबांशी वाद घालून घरी बसला. आई होती तोवर आई आणि तो, आता तो आणि त्याचे डबे. घरात चार जुने कॉम्प्युटर, पोट फाडलेले मोबाईल, वायरींची भेंडोळी. मशीन विकत आणलं की पहिलं काम, त्याच्या आतलं कंपनीचं सगळं पुसून टाकायचं आणि कुठल्या तरी परदेशातल्या फुकट्या लोकांनी केलेलं काहीतरी घालायचं. मग ते मशीन आठवडाभर चालत नाही. विलास मात्र खूश. म्हणतो, "चालत न्हाय, पण माझं हाय."

मी चौथी शिकलेला माणूस. सगळा जन्म पिठाच्या गिरणीत गेला. मला ह्यातलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. पण हा माणूस समोर राहतो, त्याला मी काय करू? चहाचा कप तोंडाला लावला की दारात हजर. हातात मोबाईल. "मामा, हे वाचा. काय लिवलंय?"

"चष्मा न्हाय."

"'आत्ता' का 'नंतर', असं विचारतंय. 'न्हाय' कुठं हाय? मला एकच सांगा, 'न्हाय' कुठं हाय?"

"अरे, 'नंतर' म्हण की."

"'नंतर' म्हंजे 'न्हाय' न्हवं! लग्नाच्या पंगतीत वाढपी कितीबी आग्रह करू दे, आपण पानावर हात आडवा धरला की तो फुडं जातोय. हितं हात आडवा धरायची सोयच ठेवली न्हाय, मामा. ह्ये जेवण न्हवं, ह्ये कोंबणं हाय."

चहा थंड. रोज.

त्याची मतं अशीच. ज्या मोबाईलची बॅटरी काढता येत नाही, तो म्हणजे अंगावर शिवलेला शर्ट. जो टीव्ही लावल्याबरोबर आधी जाहिरात दाखवतो, तो टीव्ही नव्हे, आपल्या पैशानं घरात आणलेला सासरा. आणि ज्या यंत्राला खटका नाही, म्हणजे खट्‌दिशी वर, खट्‌दिशी खाली असं साधं बटण नाही, त्यावर त्याचा सगळ्यात जास्त राग. "बोटानं नुसतं घासायचं आन् वाट बघत बसायचं, ऐकतंय का न्हाय म्हणून. बटण हाय का देवाला कौल लावायची जागा?" त्याच्या घरात भिंतभर खटके आहेत. निम्म्यांचा कशाशी संबंध आहे ते त्यालाही आठवत नाही. एकदा मी सहज एक दाबला, तर शेजारच्या तालमीतला पंखा बंद पडला. पोरं वरडत आली. त्यावर ह्यानं त्यांनाच विचारलं, "पण तुमच्या पंख्याचा मालक कोण?"

"मालक कोण?" हा त्याचा शब्द. कशाहीपुढं लावतो.

माझ्या मोबाईलवरसुद्धा त्यानं हात साफ करून घेतला. कर्ज घ्या, लॉटरी लागली, असले मेसेज यायचे म्हणून मी कुरकुरलो, तर उचलून घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आणला. "आता तुमी परवानगी दिल्याशिवाय हा वाजणार न्हाय." परवानगी कशी द्यायची ते मला समजलं नाही. त्यामुळं मोबाईल वाजायचाच बंद झाला. खरं सांगू, मला बरंच वाटलं. ज्याच्याशी बोलायचं ते माणूस गेलं होतं. बाकीच्यांचे फोन येऊन काय करायचे?

माझी मंडळी, सुमन, गेल्या वर्षी गेली. त्यावर मी जास्त लिहिणार नाही. एवढंच सांगतो की सकाळी चहा झाला की मी तिच्या फोटोपुढं बसायचो आणि बोलायचो. बोलायचो म्हणजे भांडायचोच. तू गेलीस आणि डाळ शिजवायची मला शिकवली नाहीस. तुझी बहीण परत आली होती, लोणच्याची बरणी मागत होती, दिली नाही. असलंच. जितेपणी जे बोलत होतो तेच.

मग पावसाळ्यात एक दिवस मोरीत माझा पाय घसरला. कंबर लचकली. पुण्याहून मुलगा आला, राजू. चांगला आहे, बापाची काळजी आहे त्याला. म्हणाला, "आण्णा, आता पुण्याला चला." मी म्हणालो, "ह्या घरातनं मी चौघांच्या खांद्यावरच जाईन." बरीच वादावादी झाली. शेवटी त्यानं भिंतीवर एक पांढरा कॅमेरा लावला. "हा चालू राहिला तर तुम्ही इथं राहा. ह्याच्यात खोट निघाली तर मी ऐकणार नाही, गाडी आणून उचलून नेईन." मी कबूल झालो. घर वाचलं म्हणायचं.

पण तो कॅमेरा मान फिरवतो. मी मोरीकडं निघालो की माझ्याकडं बघतो. आणि बोलतो. राजूचा आवाज येतो त्यातून. "आण्णा, अजून जेवला नाही?" "आण्णा, नुसत्या बनियनवर बसू नका, गारठा आहे." एका सकाळी मी हिच्या फोटोपुढं बसून तावातावानं बोलत होतो, तर वरनं आवाज आला, "आण्णा, कुणाशी बोलताय?"

मी म्हणालो, "कुणाशी न्हाय."

पलीकडून सूनबाईचा बारीक आवाज ऐकू आला, "एकदा डॉक्टरांना दाखवू या का?"

त्या दिवसापासून मी बोलायचं बंद केलं. फोटोपुढं बसायचो, चहा प्यायचो, उठायचो. हिलाही वाटलं असेल, ह्याला झालंय काय.

हे विलासला मी सांगायला नको होतं. पण तो रोज येतो, आणि माणूस कुठंतरी बोलतोच. तो लगेच खुर्चीवर चढला. कॅमेरा उलटा-पालटा करून बघितला. खटका नाही. पिन उपटली, तर तो आतल्या बॅटरीवर चालूच. मग राजूनं माझ्या मोबाईलवर जे काही टाकलं होतं ते उघडून विलास वाचत बसला. वाचता वाचता त्याची कानशिलं लाल झाली.

"मामा, ह्यात मालक म्हणून राजूचं नाव हाय."

"मग असू दे की. त्यानंच आणलाय."

"आन् तुमचं नाव पाहुणा म्हणून हाय. तुमच्या घरात, तुमी, पाहुणा!"

मी त्याला खुर्चीवरनं खाली उतर म्हणालो. उतरला, घरी गेला आणि वायरीला डाग द्यायचं यंत्र घेऊन परत आला. राजूची कामाची वेळ; दुपारभर घरात जळका वास. संध्याकाळी बघतो तर त्या गुळगुळीत पांढऱ्या कॅमेऱ्याच्या कडेला जुन्या घरातला असतो तसला काळा खटका. नाकावर चामखीळ उगवल्यासारखा. "खाली केला की मेला, वर केला की जिता. मामींशी बोलायचं तवा खाली करा, झालं की वर करा. राजूला वाटंल, लाईट गेलीती."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी खटका खाली केला आणि कितीतरी दिवसांनी हिच्याशी पोटभर भांडलो. बोलता बोलता जोतिबाचा विषय निघाला. रविवारी आम्ही दोघं डोंगरावर जात असू. ती गेल्यापासून मी गेलोच नव्हतो. म्हटलं, चल, आज जाऊन येतो. उठलो, टोपी घातली, दार ओढून लॅचचं कुलूप लावलं, एसटी धरली. कॅमेऱ्याचा खटका खालीच राहिला. गिरणीवाल्याची सवय, घराबाहेर पडताना सगळं बंद करून पडायचं. चालू काय ठेवायचं, हे मला आयुष्यात कुणी शिकवलंच नाही.

इकडं पुण्यात राजूला दिसलं, कॅमेरा मेलाय. फोन केला, तर फोनला परवानगी नाही. परत केला. जयसिंगपूरच्या माझ्या साडूला कळवलं. साडूनं गल्लीत कळवलं. मी गुलाल-खोबरं उधळून, चांगभलं म्हणून, दुपार कलल्यावर परत येतोय, तर माझ्या दारात ही गर्दी. तालमीतल्या पोरांनी कुलपासकट दार आत ढकललेलं. मी मागनं जाऊन विचारलं, "कोण गेलं?"

एका बाईनं वळून बघितलं आणि किंकाळी फोडली. "अगं बया, डोस्क्यातनं रगात!"

"गुलाल हाय त्यो, शांताक्का! रगात कधी गुलाबी असतंय व्हय?" मी वरडलो.

विलास दाराच्या उंबऱ्यावर बसला होता. मला बघून उठलासुद्धा नाही. नुसता माझ्या पायांकडं बघत राहिला, चपला खऱ्याच आहेत का ते बघावं तसा.

संध्याकाळी राजू आला. त्यानं कुणाला शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही. तेच वाईट होतं. "आण्णा, पिशवी भरा." मी हिच्या फोटोकडं बघितलं. करार मीच मोडला होता.

मला वाटलं, आता विलास तोंड सोडणार. मालक कोण, मला विचारलं काय, पंगत, आडवा हात, सगळं काढणार, आणि राजू आणखी भडकणार. पण तो नुसता दारात उभा राहिला. मग म्हणाला, "राजू, फोन मी बिघडवला. खटका मी बसवला. चूक माझी हाय. मामांस्नी नेऊ नगंस."

"आणि परत पडले तर? इथं बघायला कोण आहे, विलासकाका?"

"मी हाय की."

"तुम्ही दिवसभर त्या वायरीत असता."

विलासनं डोकं खाजवलं. मग बोळाकडं हात केला. "ह्या बोळात सकाळी समद्यांच्या दारात पाणी मारत्यात. दार ओलं दिसलं की आतलं माणूस उठलंय, धडधाकट हाय. कोरडं दिसलं की बायका कडी वाजवत्यात. लई जुनी रीत हाय. तुजी आई व्हती तवर तुमचं दार बोळात पयलं ओलं व्हायचं. आता मामांनी मारायचं. न्हाय दिसलं तर मी आत. तुला फोन मी करतो. माजा फोन वाजतोय."

शांताक्का बाहेरनं म्हणाली, "आन् आमी काय मेलोय व्हय?"

राजूनं कॅमेऱ्याकडं बघितलं, त्या काळ्या चामखिळीकडं बघितलं. बोट लावून एकदा वर केली, एकदा खाली केली. "आण्णा, तुम्ही आईशी बोलत होता ना?" त्यानं विचारलं. मी मान हलवली. "मग तसं सांगायचं होतं," तो म्हणाला. पिशवी त्यानंच परत कपाटावर ठेवली. जाताना मात्र बजावलं, "एक दिवस दार कोरडं राहिलं की मी निघालोच म्हणून समजा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बादली घेऊन दारात आलो. पाणी मारणं सोपं वाटतं, सोपं नसतं. हिच्या हातनं ते हातरुणासारखं पसरायचं. माझ्या हातनं निम्मं उंबऱ्यावर आणि निम्मं शांताक्काच्या सायकलवर. समोर विलास दारात उभा. भांडत नव्हता. मोबाईलही हातात नव्हता.

"पडलं व्हय?" तो म्हणाला.

"पडलं."

मग त्यानं खिशातनं एक किल्ली काढली, बोळ ओलांडून आला आणि माझ्या हातात दिली. त्याच्या घराची.

"ही कशाला रं?"

"असू दे. माझ्याबी दाराकडं बघत जावा की सकाळचं." माझ्याकडं न बघताच बोलत होता. "आई गेल्यापासनं कोरडंच असतंय. कोरडं म्हंजे काय, हे कुणाला कळायचंच बंद झालंय."

मी म्हणालो, "अरे, एवढं भ्या वाटतंय तर तू कॅमेरा लाव की घरात. तुला काय अवघड."

"लावला असता, मामा. पण बघणार कोण?"

मी बादलीत उरलेलं पाणी उचललं आणि त्याच्या दारात मारायला निघालो. तर हा मागनं वरडतोय, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा.

"ओ मामा! ठेवा ती बादली! ते मलाच मारू द्या. तुमीच मारलं तर तुमास्नी कळायचं कसं, मी हाय का न्हाय ते?"

मी बादली खाली ठेवली. त्यानं ती घेतली, चूळ भरून टाकल्यासारखं थोडं पाणी दारात सांडलं, स्वतःच्या पायावर जास्त, आणि ओल्या चपला वाजवत आत गेला.