रेवदंड्याच्या पुढचा थांबा

रविवारी सकाळी नऊ वाजता आमच्या बिल्डिंगखाली दत्तूभाऊजी मोटारसायकलवर बसून अलिबागला जातात. मोटारसायकल डबल स्टँडवर असते, इंजिन बंद. डोक्यावर हेल्मेट, अंगात जर्किन, दोन्ही हात हँडलवर. मागच्या सीटवर त्यांची बायको, सुनंदाताई. त्यांच्या मांडीवर परात आणि परातीत भिजवलेले वाल. भाऊजी पेणला पोचेपर्यंत बिरड्याचे निम्मे वाल सोलून होतात.

येणारा-जाणारा विचारतो, "कुठवर आलात?"

भाऊजी हेल्मेटची काच वर करून घड्याळ बघतात. "खोपोली सुटली. वळणं आहेत, बोलू नका."

बरोबर तीन तासांनी ते उतरतात, सुनंदाताईंना हात धरून उतरवतात आणि विचारतात, "कंबर? गुडघा? मान?" सुनंदाताई म्हणतात, "कंटाळा." कंटाळा हा दुखण्यात धरत नाहीत, म्हणून तो लिहून घेत नाहीत.

आम्ही बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाड्यात राहतो, ते आमच्या समोरच्या दारात. भाऊजी अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. मशीनवर उजव्या हाताचं एक बोट अर्धं गेलं, त्यामुळे त्यांना पेन नीट धरता येत नाही. म्हणून समुद्रकिनाऱ्याच्या सफरीची त्यांची वही माझ्याकडे आली. माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं, पण अक्षर बरं आहे. शिवाय भाऊजी म्हणतात, "तुम्ही मधे बोलत नाही वहिनी, हे फार चांगलं." पुरुषमाणसापुढे मला बोलता येत नाही, त्याचा असा उपयोग झाला.

सफर अकरा वर्षं ठरते आहे. बदलापूरहून निघायचं आणि किनाऱ्या-किनाऱ्याने गणपतीपुळ्यापर्यंत जायचं. रस्त्यात थांबे घ्यायचे, पण थांबा थांबण्यासारखा पाहिजे. म्हणजे सावली पाहिजे, मोटारसायकल उभी करायला टणक जमीन पाहिजे आणि बायकांसाठी चांगली सोय पाहिजे. समुद्र असला तर उत्तम. एका गावाचा किनारा फार सुंदर म्हणून मी फुली न मारता तसाच ठेवला होता. भाऊजी म्हणाले, "वाळू आहे. साइड स्टँड रुतेल. खोडा." पुढच्या आठवड्यात त्यांनी डालड्याचा जुना डबा ठोकून सपाट पत्रा केला, स्टँडखाली ठेवायला. मग ते गाव परत वहीत आलं.

उल्हासनगरच्या एका दुकानातून त्यांनी बॅगांवर घालायचं रेनकव्हर दोनदा घेतलं. पहिलं न वापरता कुजलं. दुकानदार सिंधी आहे, भाऊजींचा जुना ओळखीचा. तो म्हणाला, "दत्तू साईं, समंदर सूख जाएगा, तुम नहीं निकलोगे."

"टायमिंग जमलं पाहिजे ना साईं," भाऊजी म्हणाले.

टायमिंग हा त्यांचा देव. कुणी अलिबागकडून आलं असं कळलं की भाऊजी त्याच्या दारात. समुद्र कसा होता, मासे काय भाव, हे विचारत नाहीत. किती वाजता निघालात, किती वाजता पोचलात, मधे किती मिनिटं थांबलात. आमचे हे एकदा ऑफिसातल्या लोकांबरोबर मुरूडला जाऊन आले, तर भाऊजींनी त्यांना बूट काढायच्या आत गाठलं.

"दत्तूशेठ, पाणी तरी पिऊ द्या."

"प्या, प्या. पण रेवदंड्याच्या पुलावर किती वाजले होते?"

यंदा मात्र सफर होणार की कायमची राहणार, असा प्रश्न आला. सुनंदाताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होळीनंतर ठरलं. डॉक्टरांनी सांगितलं, पुढे मोटारसायकलवर बसणं विसरा. भाऊजींनी वही माझ्यासमोर टाकली. "वहिनी, फायनल यादी. माघात निघायचं."

मी लिहायला बसले. बदलापूर, कर्जत, खोपोली, पेण, अलिबाग, रेवदंडा. प्रत्येकापुढे वेळ. रेवदंड्यानंतर ते म्हणाले, "रोहा."

माझा हात थांबला. रोह्याला समुद्र नाही हे मलाही माहीत आहे. रेवदंड्याचा पूल ओलांडला की पुढे कोर्लई, काशीद, मुरूड. सगळी दुनिया तेच बघायला जाते. भाऊजी ते सोडून आत रोह्याला वळत होते आणि लांब दिवेआगरला परत समुद्रावर येत होते.

आमचे हे तिथेच पेपर वाचत होते. ते म्हणाले, "किनाऱ्याची सफर आणि किनाराच गाळला? जंजिऱ्यानं काय घोडं मारलं तुमचं?"

"तिकडचा रस्ता खराब आहे."

"मी जाऊन आलो की! मस्त रस्ता आहे."

"तिथं थांबण्यासारखं काही नाही," भाऊजी म्हणाले आणि पाणी प्यायला म्हणून घरी गेले. आमच्याकडे पाण्याचा तांब्या समोरच होता.

संध्याकाळी सुनंदाताई वाल घेऊन आल्या. त्यांनी सांगितलं. काशीद आणि मुरूडच्या मधल्या एका गावात भाऊजींची धाकटी बहीण दिली आहे. नाव बेबी. आता पन्नाशीपुढची आहे, तरी बेबीच. अकरा वर्षांपूर्वी भाऊजींची आई गेली, तेव्हा बेबीला फोन केला. ती रडत म्हणाली, मी येते, तोपर्यंत आईला हलवू नका. माणसं जमलेली, दिवस उतरणीला लागलेला. सगळे भाऊजींकडे बघायला लागले. भाऊजींनी हिशोब केला. एसटी बदलत यायचं म्हणजे सात तास, तोवर रात्र होईल. त्यांनी सांगितलं, "उचला."

बेबी कुणाच्या तरी मासळीच्या टेम्पोत बसून आली. चार तास दहा मिनिटांत. माणसं स्मशानातून नुकतीच परतली होती. जिथं आईला ठेवलं होतं तिथं दिवा लावला होता. बेबीने तो दिवा बघितला, भावाला म्हणाली, "दोन तास थांबला असतास," आणि उंबऱ्यावरूनच परत फिरली. पाणीसुद्धा घेतलं नाही. तेव्हापासून येणं-जाणं नाही.

"दर वर्षी म्हणतात, जाऊ," सुनंदाताई म्हणाल्या. "वन्संच्या दारावरून जायचं आणि घरात जायचं नाही, हे तर बरं दिसत नाही. आणि घरात जायचं धाडस नाही. मग सगळी सफरच राहते."

मला रात्रभर ती वही दिसत राहिली. सकाळी मी फायनल यादी नवीन पानावर उतरवून काढली. रेवदंड्याच्या खाली रोहा लिहिलं नाही. तिथं लिहिलं, "बेबीताईंचं घर." पुढे वेळेची जागा रिकामी ठेवली. लोकांच्या घरच्या गोष्टीत मी कधी पडले नव्हते.

भाऊजी आले. यादीवरून अर्धं बोट फिरवत खाली खाली आले आणि थांबले.

"वहिनी, हे मी सांगितलं नव्हतं."

"नाही."

"टायमिंग टाकलं नाहीत."

"मला माहीत नाही किती वेळ लागतो ते."

"चार तास दहा मिनिटं," ते लगेच म्हणाले. "टेम्पोला. आपल्याला सुनंदाला उतरवत-चढवत साडेपाच." मग वही मिटून परत उघडली. "तिनं दार नाही उघडलं तर?"

मला काय सुचलं कुणास ठाऊक. मी म्हणाले, "तर मग रोहा."

ते हसले नाहीत. म्हणाले, "लिहा. साडेपाच तास."

माघात एका मंगळवारी दोघं निघाले. निम्मी बिल्डिंग खाली उतरली होती. कुणालाच खरं वाटत नव्हतं. सफर सात दिवसांची होती. पाचव्या दिवशी ते परत आले. दिवेआगर नाही, हरिहरेश्वर नाही, पुळ्याचा गणपतीही नाही. आमच्या ह्यांनी विचारलं, "काय काय बघितलंत?" भाऊजी म्हणाले, "पाण्याचा पंप." आणि वर निघून गेले.

मला सुनंदाताईंनी सांगितलं. बेबीताईंनी दार उघडलं. या म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. आत जाऊन दोन तांदळाच्या भाकरी जास्त थापल्या. पहिला दिवस वाढताना विचारण्यापलीकडे भावाशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी वाडीतला पंप बंद पडलेला होता, तो भाऊजींनी न विचारता खोलला. संध्याकाळपर्यंत पाणी आलं. बेबीताई पाटाशी उभ्या राहून नारळींना जाणारं पाणी बघत होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी सुपारी कातरता कातरता त्यांनी एकदम विचारलं, "आई शेवटी काय बोलली?"

मग भाऊजी बोलायला लागले. त्या सकाळी आईने पेज किती घेतली, कुणाचं नाव घेतलं, पाय कसे गार पडत गेले, सगळं. चुलीवरचा चहा उकळून आटला, कुणी उठलं नाही.

"कुठली साडी नेसवली?" बेबीताईंनी विचारलं.

भाऊजी उठून पंपाकडे गेले.

"पांढरी, बारीक जांभळ्या काठाची," सुनंदाताईंनी सांगितलं. "वन्सं, तुम्ही आणलेली. आईंनी घडी मोडली नव्हती. बाहेर सगळी माणसं घाई करत होती, आणि हे आत ट्रंक उपसत बसले होते. ती साडी सापडेपर्यंत त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही."