एकशे बारा यंत्रांची आत्या

एका तालुक्याच्या गावातील महाविद्यालयाच्या लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या एकशे बारा संगणक यंत्रांनी, आत्याने कानात सांगितल्याशिवाय प्रशासकाचा पासवर्ड स्वीकारणार नाही असे एप्रिल महिन्यात कळवले. ही हकिकत मी १४ ऑगस्ट रोजी दुपारी सव्वातीन वाजता, त्याच महाविद्यालयाच्या कँटीनमध्ये, प्रयोगशाळेचे व्यवस्थापक सतीश बोंद्रे यांच्याकडून ऐकली. त्यांच्या थोरल्या बहीण आक्का यांना मी नंतर दोनदा भेटलो. ज्या संवादांविषयी दोघांचे एकमत झाले, तेवढेच येथे दिले आहेत.

यंत्रे नवी होती. प्रत्येकापुढे बसून पासवर्ड घालण्यात दोन दिवस गेले असते, म्हणून बोंद्रे यांनी एक स्क्रिप्ट, म्हणजे यंत्राला द्यायच्या आज्ञांची यादी, लिहिली. ती एका यंत्रावर चालवली की सर्व यंत्रांवर एकच पासवर्ड एकाच वेळी बसणार होता. शुक्रवारी सकाळी त्यांनी ती चालवली. एकशे बारा उत्तरे आली आणि सर्वांचा मजकूर सारखा होता: ‘आत्या हजर नाही. आत्या आल्यावर पुन्हा प्रयत्न करावा.’

आत्या म्हणजे वडिलांची बहीण, यंत्रांच्या बाबतीत पालकाची. यंत्रांची मांडणी करताना ‘पालक’ या रकान्यात विभागप्रमुखांचे नाव घालायचे होते. त्या दिवशी विभागप्रमुख शेवंता मगर रजेवर होत्या, त्यामुळे रकाना रिकामा राहू नये म्हणून बोंद्रे यांनी स्वतःचे नाव घातले होते. आता त्यांनी ते बदलून पाहिले. यंत्रांनी कळवले की पालक बदलता येत नाही.

मंगळवारी सकाळी विद्यापीठाची परीक्षा या यंत्रांवर व्हायची होती. पासवर्डाशिवाय परीक्षेची प्रणाली बसत नव्हती. सोमवारी दुपारी दोनपर्यंत ‘यंत्रे तयार’ असे कळवले नाही, तर केंद्र जिल्ह्याच्या गावी हलणार होते. बोंद्रे यांची नेमणूक कंत्राटी होती आणि तिची मुदत त्याच महिन्यात संपत होती.

विभागप्रमुखांनी बोंद्रे यांच्या बहिणीचा आवाज ध्वनिमुद्रित करून आणण्याची सूचना केली. यंत्रांनी ती अमान्य केली. शनिवारी बोंद्रे यांनी आपल्या मेहुणीला आणले. यंत्राच्या पाठीमागे माइकसाठी जी गुलाबी खोबण असते, तोच कान असे गृहीत धरून मेहुणीने तिथे तोंड नेले. पडद्यावर उत्तर आले: ‘मावशी चालत नाही.’

यामुळे बोंद्रे फार अस्वस्थ झाले, आणि त्याचे कारण केवळ तांत्रिक नव्हते. आठ वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीच्या बारशाला आक्कांची एसटी पस्तीस मिनिटे उशिरा आली होती. मुहूर्त टळू नये म्हणून मुलीच्या कानात नाव याच मेहुणीने सांगितले. आक्का मांडवात आल्या तेव्हा घुगऱ्या वाटून झाल्या होत्या. त्या पाणीही न घेता परतल्या. तेव्हापासून बहीणभावात बोलणे नव्हते.

रविवारी दुपारी बोंद्रे यांनी फोन लावला.

“आक्का, मी सतीश.”

“कुठला सतीश?”

“तुझा भाऊ.”

“मला भाऊ हाय व्हय? आठ वर्सं झाली, कुणी बोललं न्हाई.”

“आक्का, एकशे बारा बारशी अडल्यात. तू आल्याबिगर व्हत न्हाईत.”

“का? तुझ्या बायकूची भन हाय की. घाल तिला म्होरं. तिला सवय हाय.”

“घातली हुती. न्हाई चालली.”

मग आक्कांनी विचारले, “कुणाला न्हाई चालली?”

“यंत्रांस्नी.”

“म्हंजे यंत्रांस्नी कळतंय म्हण की,” आक्का म्हणाल्या. “दहाच्या एसटीनं येते. थांबणार का, का ह्या खेपंला बी उरकून घेशील?”

सोमवारी आक्का साडेअकराला पोहोचायच्या होत्या. बारा वाजले, साडेबारा झाले. एसटी वाटेत पंक्चर झाल्याचे स्थानकावरून समजले. बोंद्रे प्रयोगशाळेच्या दारापासून फाटकापर्यंत जात आणि परत येत. हे अंतर एकशे चाळीस पावलांचे आहे, ते मी मोजले आहे. पाऊण वाजता विभागप्रमुखांनी त्यांना थांबवले.

“बोंद्रे, ऑफिसमधली प्रत्येक बाई कुणाची ना कुणाची आत्या आहेच. एकीला बसवू. तुमची बहीण म्हणून सही करेल. कागद मी करते.”

“कदाचित चालेलही, मॅडम.”

“मग?”

“मग आक्का येईल आणि सगळं झालेलं असेल.”

“अहो, तुमची नोकरी जाईल.”

“आठ वर्षांमागं मी थांबलो नव्हतो, मॅडम. आज थांबतो.”

विभागप्रमुखांनी घड्याळ पाहिले आणि त्याही फाटकाकडे पाहू लागल्या.

आक्का एक वाजून चार मिनिटांनी आल्या. त्यांनी यंत्रांच्या रांगा पाहिल्या, पदर खोचला, पहिल्या यंत्रामागे वाकून ‘कुर्र’ केले आणि गुलाबी खोबणीत हळूच काहीतरी सांगितले. रीतीप्रमाणे आत्याच्या पाठीत धपाटे बसणे आवश्यक होते. ते घालण्यास विभागप्रमुखांनी तोंडी मंजुरी दिली आणि पहिला धपाटा स्वतःच घातला.

“हळू, बाई,” आक्का म्हणाल्या, “आजून एकशे अकरा ऱ्हायल्यात.”

प्रत्येक यंत्र पासवर्ड स्वीकारी आणि त्यावरची अडलेली स्क्रिप्ट पुढे सरके. एक वाजून सत्तावन्न मिनिटांनी विद्यापीठाला ‘यंत्रे तयार’ असे कळवण्यात आले. आक्कांनी तेव्हा पाणी मागितले. बोंद्रे तांब्या घेऊन आले. आक्कांनी तो रिकामा केला.

विभागप्रमुखांनी नोंदवहीसाठी विचारले, “पासवर्ड काय ठेवलाय?”

“कुणाचा?”

“सगळ्यांचा. एकच असेल ना?”

“एकशे बारा लेकरं,” आक्का म्हणाल्या, “आणि एकच नाव ठेवत्यात व्हय?”

परीक्षा सुरळीत पार पडली. बोंद्रे यांची मुदत एक वर्षाने वाढली. पासवर्ड केवळ आक्कांना ठाऊक असल्यामुळे त्यांची विभागाच्या मानद आत्या म्हणून नोंद झाली. बोंद्रे यांनी स्क्रिप्ट नव्याने लिहिली. आता ती पासवर्ड बसवत नाही. एखाद्या यंत्राला प्रशासकाची गरज पडली की आक्कांना फोन लावते, आणि आक्का दहाच्या एसटीने येतात.

एका गोष्टीचा उलगडा मला करता आला नाही. हजेरीवहीप्रमाणे मे ते ऑगस्ट या काळात आक्का सात वेळा आल्या. यंत्रांतील नोंदींप्रमाणे स्क्रिप्टने फक्त तीन वेळा फोन लावला. उरलेल्या चार खेपांना फोन कोणी लावला, हे मी दोघांनाही स्वतंत्रपणे विचारले. आक्का म्हणाल्या, “पोरं बोलवत्यात, मी येते.” बोंद्रे म्हणाले की त्यांना याची काही कल्पना नाही. त्या चारही दिवशी त्यांनी घरून दोघांपुरता डबा आणला होता, असे कँटीनवाल्याने मला सांगितले.

ते चार फोन यंत्रांनी लावले की बोंद्रे यांनी, हे मी निश्चित सांगू शकत नाही.