सकेलारिसचा नवस

"आज पहिला नाच माझा! आणि नाच संपला की मेरोपीला मागणी!" सत्तरीच्या सकेलारिसने दाढी करता करता आरशाला बजावलं.

बेकरीवाली मेरोपी त्रेसष्टची, विधवा आणि जिभेची तिखट. "लंगड्याला सांभाळायला मला वेळ नाही. आधी गुडघा नीट कर," असं तिने वर्षापूर्वीच सुनावलं होतं. सकेलारिसने आजार बरे करणाऱ्या संत पान्तेलेइमोनला नवस केला आणि गुडघा बरा झाला. डॉक्टरने तीन इंजेक्शनंही दिली होती. पण श्रेय वाटत कशाला बसायचं?

आज त्या संताचा सण: आधी चर्च, मग अंगणात गावजेवण आणि नाच. जो अवयव बरा झाला किंवा जे मागणं असेल, त्या आकाराचा चांदीचा पत्रा संताच्या तसबिरीवर टांगायचा. चर्चच्या दारातच पत्र्यांची टोपली होती. चष्म्यात म्हातारा दिसतो म्हणून सकेलारिसने चष्मा घरीच ठेवला होता. त्याने बोटांनी चाचपलं. लांबट, वर जाड, खाली निमुळतं. पाय! त्याने तो सगळ्यांच्या पुढे टांगला आणि संताच्या तसबिरीचा मुका घेतला. ती शेजारच्या संत निकोलसची होती, पण त्यानेही तक्रार केली नाही.

बाहेर खाटीक गळ्यातच पडला. "शाब्बास, काका! या वयात एवढा उत्साह!"

"आता लाजायचं कशाला?"

"संत नक्की देईल हो!" बायका म्हणाल्या.

"दिलं की! सकाळीच उड्या मारून पाहिल्या!"

बायकांनी घाईघाईने छातीवर क्रूस काढला. पाद्रीबाबांनी पाठ थोपटली. "मग पाळणा कधी?"

"कसला पाळणा?"

"अरे, दुपट्यात गुंडाळलेलं बाळ टांगलंयस ना तू!"

सकेलारिसला घाम फुटला. अंगणात मेरोपी बोकडाचा रस्सा वाढत होती. तो रोज तिच्याकडून पाव घेतो आणि समुद्रातल्या माशांना घालतो, हे अख्ख्या बेटाला ठाऊक. म्हणजे लोकांच्या मनात तीच! तिच्या कानावर गेलं तर संपलंच सगळं!

तो धावत वाजवणाऱ्यांच्या चौथऱ्यावर चढला आणि माईक हिसकावून ओरडला, "गावकऱ्यांनो! मेरोपीला दिवस गेलेले नाहीत! आमच्यात तसलं काही नाही! अजून!"

व्हायोलिन थांबलं. चारशे चमचे हवेत राहिले.

त्याची भाची थेमेलिना लाल होऊन उठली. "मामा, सगळ्यांना वाटलं, नवस तुम्ही आमच्यासाठी केलात. लग्नाला सहा वर्षं झाली, अजून मूल नाही ना आम्हाला."

"मग मेरोपीचं नाव कुणी काढलं?"

"तुम्हीच. आत्ता."

मेरोपीने पळी खाली ठेवली आणि ती चौथऱ्याकडे निघाली. लोक बाजूला झाले. सकेलारिसने डोळे मिटले. तिने त्याच्या हातातला माईक काढून घेतला.

"एवढी वर्षं अब्रूने पाव भाजले. आता मला या बेटावर दुसरं कोण पत्करणार? पाद्रीबाबा, सप्टेंबरातली लग्नाची तारीख काढा!"

टाळ्या, शिट्ट्या, आरोळ्या! सकेलारिस पुटपुटला, "अगं, पण मी मागणी घालणार होतो... चार शब्द पाठ केले होते..."

"घातलीस तेवढी पुरे झाली," मेरोपी म्हणाली. "उतर खाली. रस्सा गार होतोय."