बुटांच्या खोक्यातले शब्द

आमच्या शेजारच्या बाई शब्द बुटांच्या खोक्यात ठेवतात.

त्यांच्या पुढच्या खोलीत जमिनीपासून खिडकीपर्यंत खोकी रचलेली आहेत. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, एकटी म्हातारी बाई एवढ्या बुटांचं करते काय. त्यांनी एक खोकं उघडून दाखवलं. आत जाड कागदाच्या चिठ्ठ्या दाटीनं उभ्या होत्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक मराठी शब्द आणि खाली मुंगीसारख्या अक्षरात रशियन. खोक्यावर लिहिलं होतं, 'स्वयंपाकघर'. शेजारी 'शेती', 'आजार', 'देवधर्म'. सगळ्यांत जड खोकं तळाला होतं. त्यावर 'शिव्या'.

बाईंचं नाव झिनाइदा मात्वेयेव्हना. मधलं नाव वडिलांचं. त्यांच्यात लग्नानंतरही बापाचं नाव पुसत नाहीत, हे मला आवडलं. पण एवढं नाव माझ्या तोंडात बसेना, म्हणून मी झिनाबाई म्हणायला लागले. त्यांनी त्याचीही चिठ्ठी केली.

माझा मुलगा अविनाश लीड्सच्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. मी त्याच्याकडे आले तेव्हा मला इंग्रजी येत नव्हतं, आणि मुळात मी कुणाशी आपणहून बोलणारी नाही. परसात कपडे वाळत घालत होते. कुंपणापलीकडून आवाज आला, "भगिनी, आपल्या परसात मेथी उगवली आहे काय?"

माझ्या हातातले चिमटे खाली पडले. बघते तर पांढऱ्या केसांची, पुरुषी कोट घातलेली गोरी बाई. मला वाटलं, परदेशात आल्यावर असे भास होत असतील. मी मान हलवली आणि घरात पळाले. सूनबाई म्हणाली, "अहो आई, त्या रिटायर्ड प्रोफेसर आहेत, युनिव्हर्सिटीत होत्या. त्यांना मराठी येतं." नात ईरा म्हणाली, "आज्जी, तिचा मराठी न्यूजसारखा आहे. मला काय कळत नाही."

दुसऱ्या दिवशी मी वाटीभर मेथीची भाजी घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. वाटी पुढे केली तर त्यांनी हात मागे घेतले. मग माझं मनगट धरून मला आत ओढलं आणि मगच वाटी घेतली. "उंबऱ्यावरून देणे-घेणे करू नये," त्या म्हणाल्या. माझी आई अगदी हेच म्हणायची. माझी निम्मी भीती तिथंच गेली.

झिनाबाईंचे दोन शब्द ठरलेले. एक 'तूर्तास' आणि दुसरा 'पुरावा'. त्या साधा चहा घेत नाहीत, तूर्तास चहा घेतात. मी म्हटलं, सर्दीला हळद-दूध चांगलं. त्या म्हणाल्या, "पुरावा?" मी म्हटलं, माझी सासू त्याच्यावर नव्वद वर्षं जगली. त्यांनी ते लिहून घेतलं. आणि एखाद्या गोष्टीनं त्या फारच खूश झाल्या की म्हणतात, "कोशात नाही." माझं थालीपीठ पहिल्यांदा खाल्लं तेव्हा डोळे मिटून म्हणाल्या, "शब्द कोशात आहे. हे मात्र कोशात नाही."

शिव्यांच्या खोक्यापायी मला फार सोसावं लागलं. एकदा चहा झाल्यावर त्यांनी कोऱ्या चिठ्ठ्या पुढ्यात ओढल्या आणि म्हणाल्या, "कलाताई, आपल्या गावी बायका पाण्यावर भांडताना एकमेकींस काय म्हणत?" मी म्हटलं, मला नाही येत शिव्या. "पुरावा?" त्या म्हणाल्या. शेवटी मी फ्रीजकडे तोंड केलं आणि हळू आवाजात तीन सांगितल्या. मागे पेन चालल्याचा आवाज येत होता. मग अगदी गंभीरपणे विचारतात, "यातली दुसरी सासूस चालेल, की केवळ जावेस?"

ही बाई मराठीत शिरली कशी, हे मी एकदा विचारलं. त्या लेनिनग्राडच्या. तिथं कॉलेजात हिंदी शिकायला म्हणून रांगेत उभ्या राहिल्या. नंबर येईपर्यंत हिंदीच्या जागा भरल्या. मास्तर म्हणाले, मराठी घे, तिथं गर्दी नाही. "गर्दी नव्हतीच," झिनाबाई म्हणाल्या, "वर्गात मी आणि हिटर." मग पुण्यात एक वर्ष वसतिगृहात राहिल्या. गावात जायची परवानगी मिळाली नाही, म्हणून खेडं फक्त पुस्तकात पाहिलं. परत जाऊन आपल्याकडच्या कथा, कादंबऱ्या रशियनमध्ये नेल्या. नवरा भेटला तो इथला, यॉर्कशरचा. तो रशियन शिकवायचा. त्याच्याबरोबर लीड्सला आल्या आणि जन्मभर इथल्या पोरांना रशियन साहित्य शिकवून पोट भरलं. मराठी राहिली ती संध्याकाळी, खोक्यांमध्ये.

"तो माझ्याशी रशियन बोलत असे, मी त्याच्याशी इंग्रजी," त्या म्हणाल्या, "आणि भांडण मी मराठीत करीत असे. त्याला कधी उत्तर देता आले नाही. फार सुखाचा संसार झाला."

आमच्या दोघींच्या घरांची भिंत एकच. त्यामुळे काही गोष्टी न विचारताही कळायच्या. दर रविवारी सकाळी पलीकडे फोन वाजायचा आणि झिनाबाई दोन दोन तास बोलायच्या. कधी मोठ्यानं वाचून दाखवायच्या, मग भांडायच्या, मग हसायच्या. 'नातीगोती' खोक्याच्या झाकणात एक फोटो चिकटवलेला होता, एकसारख्या टोप्या घातलेल्या दोन मुलींचा. "ही मी. ही तान्या, धाकटी," त्यांनी सांगितलं होतं. "तिकडे लेनिनग्राडलाच शाळेत व्याकरण शिकवायची. तिने वाचल्याविना माझे एकही पान छापले गेलेले नाही. फार दुष्ट बाई आहे."

पुढे टीव्हीवर रशियानं सुरू केलेल्या युद्धाच्या बातम्या लागल्या. त्यानंतरच्या एका रविवारी भिंतीपलीकडे फार मोठा आवाज झाला. हसण्याचा नव्हता. मग काही तरी आपटलं. पुढच्या रविवारी फोन वाजला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कितीतरी महिन्यांनी मी धीर करून विचारलं, बहीण बरी आहे ना. झिनाबाई चिठ्ठ्या लावत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "बहीण तूर्तास कोशात नाही."

मी परत विचारलं नाही. पण फोटो झाकणाला तसाच होता.

त्यांच्या टेबलावर एक हिरवी फाईल कायम असायची. आपल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी रशियनमध्ये केल्या होत्या. दहा वर्षं त्यावर घातली होती. आता वय एक्क्याऐंशी, डोळ्यांनी कमी दिसायला लागलेलं, आणि हे शेवटचं पुस्तक. छापणाऱ्यांची पत्रं यायची, कधी देता म्हणून. त्या उत्तर लिहायच्या, तूर्तास नाही. का नाही, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "पाने पुरी आहेत. पण त्यांत श्वास नाही. मेलेले पुस्तक मी देणार नाही."

एकदा त्यांनी मला त्यातलं पान वाचून दाखवलं. मला रशियन कळत नाही, पण ओवी तर माहीत आहे. मी ऐकत राहिले. लीड्सच्या स्टेशनवर गाड्या उशिरा असल्याचं सांगतात ना, तसं वाटलं.

"बोला," त्या म्हणाल्या.

"छान आहे."

"पुरावा?"

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले. मोठ्या शिकलेल्या बाईला मी काय सांगणार. पण त्या वाट बघत होत्या. शेवटी म्हटलं, "रागावू नका. पण ही बाई खुर्चीवर बसून म्हणतीय."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे?"

"जातं ओढताना हात लांब जातो, तेव्हा ओळ लांब जाते. हात जवळ आला की श्वास घ्यायचा. तुमची बाई कुठंही श्वास घेतीय. तिच्या हातात काही नाहीच."

"मी जाते पाहिले आहे," त्या म्हणाल्या. "पुण्यात, संग्रहालयात. काचेपलीकडे होते. हात लावू नये, अशी पाटी होती." मग म्हणाल्या, "मी लावला नाही."

लीड्समध्ये जातं कुठलं मिळायला. आम्ही त्यांचं स्वयंपाकघर धुंडाळलं. शेवटी त्यांच्या नवऱ्याचं बिडाचं जड भांडं सापडलं, मटण शिजवायचं. लाकडी पाटावर मूठभर वाळलेले वाटाणे पसरले आणि त्यावर भांडं पालथं घातलं. ओढलं तर फिरलं. घरघर आवाजही आला. झिनाबाईंच्या कंबरेचं ऑपरेशन झालेलं. त्यांना जमिनीवर बसवायला मला पाव तास लागला. एक पाय लांब करा, एक दुमडा, असं सांगितलं. "हे कोणत्याच पुस्तकात दिलेले नाही," त्या धापा टाकत म्हणाल्या. भांड्याच्या एकाच कानाला दोघींनी धरलं.

मी लोकांदेखत कधी गायलेली नाही. पण जात्यावर समोरची बाई आपल्याकडे बघत नाही, हाताकडे बघते. म्हणून जमलं. आई म्हणायची ती ओवी म्हटली:

घाटाच्या खाली गं माझ्या बहिणीचं गाव,
रुसली तरी ओठी तिच्या माझंच गं नाव.

"ही कोणाची?" त्यांनी विचारलं.

"आईची. माझी मावशी घाटाखाली दिलेली. दोघींचं एका तांब्यावरून बिनसलं. आई कधी तिच्या घरी गेली नाही. रोज पहाटे जात्यालाच सांगायची."

"मग मावशीस हे कळले?"

"नाही. ती लवकर गेली."

झिनाबाईंनी पुरावा मागितला नाही. चिठ्ठीही काढली नाही. "पुन्हा म्हणा," एवढंच म्हणाल्या. मी पुन्हा म्हटली. किती वेळा, ते आठवत नाही. मग माझ्या आवाजात त्यांचा आवाज मिसळला, रशियनमध्ये. हात लांब गेला तशी ओळ लांब गेली. हात जवळ आला तसा श्वास आला. या वेळी स्टेशन नव्हतं. बाई खाली बसली होती. दुसऱ्या ओळीत मात्र भांडं मध्येच थांबलं. झिनाबाईंनी भांड्याच्या कानावरचा हात काढला.

"तूर्तास पुरे," त्या म्हणाल्या.

त्यानंतर तीन-चार दिवस त्या कुंपणाशी दिसल्या नाहीत. मला वाटलं, मी नको ते बोलले. रविवारी सकाळी मी कणीक मळत होते. भिंतीपलीकडून घरघर ऐकू आली. थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. मी हात धुतले, दोन थालीपिठं कागदात गुंडाळली आणि त्यांच्या मागच्या दारी गेले. दार लोटलेलंच होतं.

झिनाबाई जमिनीवर बसल्या होत्या. कशा बसल्या, एकट्या, देव जाणे. एका हातानं भांडं ओढत होत्या. शेजारी फरशीवर फोन ठेवलेला, त्यातला दिवा चालू, म्हणजे फोन लागलेला. पाटाला टेकून तो टोप्यांचा फोटो, झाकणासकट. आणि त्या माझ्या आईची ओवी म्हणत होत्या, त्यांच्या भाषेत. मला बघून थांबल्या नाहीत.

मी उंबऱ्यात उभी होते. मग आत आले, थालीपिठं ओट्यावर ठेवली, समोर बसले आणि भांड्याचा कान धरला. दोघींनी ओढल्यावर भांडं हलकं झालं.

ओवी संपली. फोनमधून काहीच आवाज आला नाही. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून म्हटली. तरी नाही. पण तिकडून फोन ठेवलाही नव्हता. दिवा तसाच होता. आम्ही ओढत राहिलो. वाटाणे भरडून पीठ व्हायला आलं होतं.

तिसऱ्यांदा म्हणून झाल्यावर तिकडून एक आवाज आला. म्हातारा, चिरका, वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत जाईल असा. एकच वाक्य बोलला. झिनाबाईंनी तोंडावर हात धरला. त्यांच्या हाताला पीठ होतं, ते गालाला लागलं.

मी हळूच विचारलं, "काय म्हणाली?"

"म्हणते, दुसऱ्या ओळीत एक शब्द अधिक आहे."

मग त्यांनी फोन पाटाजवळ ओढला.

"बरोबर आहे तिचे," म्हणाल्या, आणि पुन्हा भांड्याचा कान धरला.