सॅम्पल फ्लॅटमधली बैठक

देवदत्त बिल्डरांचे अकरा फ्लॅट दोन वर्षं विकले जात नव्हते. म्हणून एमबीए होऊन आलेल्या त्यांच्या मुलीनं, उत्कर्षानं, कंपनीचा पाच वर्षांचा आराखडा तयार केला. मे महिन्यातल्या सोलापुरात बैठकीला गार जागा एकच होती, सॅम्पल फ्लॅटची बेडरूम. गिऱ्हाइकांना दाखवायला तिथं एसी बसवला होता. गारवा जाऊ नये म्हणून उत्कर्षानं दार ओढून घेतलं आणि दाराची मूठ तिच्या हातात आली. दार काही उघडेना.

"तुझा मोबाइल?" देवदत्तांनी विचारलं.

"आपले दोघांचेही बाहेर चार्जिंगला लावलेत. सुटका होईपर्यंत आराखडा वाचते," म्हणत तिनं पहिलं पान उघडलं, तेवढ्यात लाइट गेली.

देवदत्तांनी खिडकीतून हाका मारल्या. मुकादम बिरुदेव धावत वर आला. त्याच्या मागोमाग वळसंग गावच्या केराबाई आल्या. लेकीला इथल्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता, म्हणून त्या फ्लॅट बघायला आल्या होत्या. आतल्या दोघांना याचा पत्ता नव्हता.

बिरुदेवनं दाराला खांदा दिला, लाथ घातली. दार हललं नाही.

"मालक, भिंत फोडू का?"

"संध्याकाळ होईल तुला. सिमेंट मी स्वतः उभं राहून घालून घेतलंय, सगळा नफा त्यातच गेला. सुताराला बोलव."

बिरुदेवनं फोन लावला. "अर्ध्या तासात येतो म्हनतोय."

केराबाईंनी खुर्ची दाराजवळ ओढली. "मालक, मी केराबाई. फ्लॅट घ्यायचा हाय. भिंतीचं कळलं, आता पुढचं बोलू."

आत देवदत्त दाराशी सरकले. "बाबा, आधी आपलं व्हिजन सांगा," उत्कर्षा कुजबुजली.

"माज्या चार शेळ्या हायत," केराबाई म्हणाल्या. "खाली बांधायला जागा देताय का?"

"बाई, तिथं जॉगिंग ट्रॅक होणार आहे," उत्कर्षा म्हणाली.

"बरं. मग निघते मी."

देवदत्तांनी घाम पुसला. किती महिन्यांनी आलेलं गिऱ्हाईक, तेही दारापलीकडूनच परत चाललं होतं.

"थांबा. चारच ना?"

"सध्या चारच."

उत्कर्षानं आराखड्यातल्या ट्रॅकवर मुकाट्यानं काट मारली.

सुतारानं दोन मिनिटांत दार उघडलं. केराबाईंनी बेडरूम दारातूनच पाहिली आणि त्या जागा बघायला खाली गेल्या.

पुढच्या आठवड्यात वळसंगची तीन कुटुंबं आली. उत्कर्षा एसी लावून बेडरूममध्ये वाट बघत बसली, पण वर कुणी आलंच नाही. शेळ्या कुटं बांधायच्या, तेवढं दाखवा म्हणाले. देवदत्त स्वतः जागा मोजायला टेप घेऊन उन्हात उभे राहिले.