रामटेके काकांनी जाळी झाकली

आमच्या शेजारचे रामटेके काका प्रत्येक चौकशीची सुरुवात एकाच वाक्यानं करतात. 'आपल्याले काय करा लागते बाप्पा, पण काल तुमच्याकडं पाहुणे कोण होते?' 'आपल्याले काय करा लागते, पण पोह्यात मीठ जास्त पडलं का वं? भाऊ दोनदा पाणी प्यायले.' भाऊ म्हणजे माझे बाबा. नागपूरला सक्करदऱ्यातल्या आमच्या दोन घरांमध्ये तारेच्या जाळीचं कुंपण आहे. त्यातून मांजर येत नाही, पण रामटेके काका अख्खे येतात.

वीज खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस घरात एकटाच. काकू गेल्या, मुलगी लग्न होऊन हैदराबादला. ऊन उतरलं की तिकडून त्यांची खुर्ची जाळीला लागते, इकडून बाबांची.

सरळच सांगते, मी या माणसावर जळते. बाबांसाठी मी भंडाऱ्याहून बदली मागून घेतली. त्यांच्या गोळ्या मी देते, पाठीला तेल मी लावते, भाकरी दुधात कुस्करून मी देते. त्याबदल्यात मला काय मिळतं? 'हो', 'बरं' आणि 'पंखा कमी कर'. तिकडे हा माणूस जाळीतून नुसतं 'मंग?' म्हणतो आणि बाबा थांबता थांबत नाहीत. एवढ्याशा शब्दात असं काय आहे, देव जाणे!

मार्चमधली गोष्ट. मी स्वयंपाकघरात होते आणि खिडकीतून बाबांचा आवाज येत होता. लहानपणी सावनेरला ते कापूस भरलेल्या बैलबंडीत झोपून गेले आणि बैलांबरोबर थेट जिनिंग मिलवर पोचले. इकडे आजी विहिरीत डोकावून रडतेय. मी चाळिशी उलटलेली बाई, बाबांची सख्खी मुलगी, आणि ही गोष्ट मला माहीतच नाही! मी हातातलं पातेलं आपटलं आणि बाहेर आले.

'बाबा, घरात तोंडाला कुलूप आणि इथं रेडिओ सुरू! मी काय फक्त भाकरी थापायला आहे का?'

बाबा चपला शोधू लागले. नवल म्हणजे काका 'आपल्याले काय करा लागते' न म्हणताच खुर्ची उचलून आत गेले.

पुढच्या रविवारी बघते तर काका जाळी झाकताहेत. उन्हाळा लागला की सगळं नागपूर कूलरच्या खसताट्या, म्हणजे वाळ्याच्या ताट्या, बदलतं आणि जुन्या फेकून देतं. काकांनी गल्लीभर फिरून त्या जमवल्या आणि सुतळीनं जाळीला बांधल्या. कुणाची काळी पडलेली, कुणाची शेवाळलेली, एक तर उंदरांनी खाल्लेली. राहिलेल्या फटीत त्यांनी सिमेंटचं पोतं कोंबलं.

'हे काय हो काका?'

'प्रायव्हसी वं पोरी. आजकाल लागते.'

प्रायव्हसी! ज्याला आमच्या पोह्यातलं मीठ ठाऊक, त्याला प्रायव्हसी पाहिजे! राग आलेला दिसतोय, मी म्हटलं. येऊ दे. खोटं कशाला बोलू, मनातून मी खूश झाले. वर ते रोज त्या ताट्यांवर पाइपनं पाणी मारायचे आणि वाळ्याचा गार वारा यायचा तो आमच्याच अंगणात.

काही दिवस बाबा ताट्यांकडे बघत बसले. मग एका संध्याकाळी त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

'बस वं. तुले बंडीची गोष्ट सांगतो.'

मी बसले. गोष्ट जिनिंगवर पोचली. कापूस उपसताना आतून काळं पोर उठून बसलं आणि मुकादम 'भूत! भूत!' करत पळाला. तेवढ्यात ताट्यांमागून फिस्सकन हसू आलं. पाठोपाठ खोकला.

'मी झाडाले पाणी देऊन राहिलो!' काका पलीकडून ओरडले.

काकांच्या अंगणात सगळी फरशी आहे. झाड एकही नाही.

'बाबा, हे रोज तिथं बसतात?'

'कुठं जाईल बिचारा? जाळी झाकाच्या आधी गेटावर येऊन सांगून गेला मले. म्हणे, भाऊ, पोरगी जळून राहिली. आता तिच्याशी बोलत जा. मी माह्या पोरीशी कधी बोललोच नाही. आता पोरगी फोनवर ''जेवले का'' विचारते अन् ठेवून देते.'

खरं तर मला रडू यायला हवं होतं. आधी रागच आला. म्हणजे मला मिळालेले बाबाही यांनीच दिलेले!

'काका,' मी ताट्यांकडे तोंड करून ओरडले, 'गेटातून या. चहा टाकते.'

'आपल्याले काय करा लागते बाप्पा,' असं ऐकू आलं आणि मी आधण ठेवून येईपर्यंत माणूस खुर्चीसकट हजर. खुर्ची त्यांनी बाबांजवळ लावली नाही, माझ्या मागं लावली.

चहा आला आणि बाबांनी गोष्ट अर्थातच पहिल्यापासून सुरू केली. बंडी, कापूस, झोप. मग ते नेहमीच्या जागी थांबले आणि काकांकडे बघू लागले.

काकांनी अख्खं बिस्कीट तोंडात कोंबलं होतं. बोलता येत नाही अशी खूण करून त्यांनी मला कोपरानं ढोसलं.

'मंग?' मी विचारलं.