निवृत्तीकाकांची हळदी हॅट

निवृत्तीकाकांच्या सदऱ्याच्या खिशात पेन नसतं, प्लॅस्टिकची एक पट्टी असते. पट्टीला लहानापासून मोठ्यापर्यंत गोल भोकं आहेत. द्राक्षाचा मणी ज्या भोकातून जातो, तेवढी त्याची जाडी. काकांची उभी हयात पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाऊसमध्ये द्राक्षं निवडण्यात गेली. हा घड परदेशी जाणार, हा इथेच विकायचा, एवढंच ते चाळीस वर्षं ठरवत आले. मग रिटायर होऊन ते नाशिकला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, पण पट्टी काही रिटायर झाली नाही.

शेजारी म्हणून पहिल्यांदा मी पेढे घेऊन गेलो, तर काकांनी पेढा तोंडात टाकायच्या आधी पट्टी काढली. पेढा कुठल्याच भोकात जाईना. मग डोळे बारीक करून त्यांनी निकाल दिला.

"एका पुड्यात तीन साइज. लोकल माल हाय, सर."

मी शाळेत भूगोल शिकवतो म्हणून 'सर'. काकांच्या लेखी जगात दोनच जाती, लोकल आणि एक्स्पोर्ट. सोसायटीच्या चेअरमनचं भाषण लोकल. खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंचं लिंबाचं लोणचं एक्स्पोर्ट. माझी स्कूटर लोकल, तिचा हॉर्न एक्स्पोर्ट. एकदा मी लाडात येऊन विचारलं, "काका, आणि मी?" काकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "माणूस बरा हाय तुम्ही. पण लोकल."

शकुकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, आतून ओरडल्या, "अहो, पाहुण्याला असं बोलतात का?"

"खरं बोललो. माल बघूनच बोललो."

अशा या माणसाच्या डोक्यावर पांढरी टोपी असायची. कडक इस्त्रीची, नाकासमोर टोक असलेली. दोरीवर त्यांच्या सात टोप्या वाळत पडल्या की आज रविवार, हे मला कॅलेंडर न बघता कळायचं. ही टोपी काकांच्या डोक्यावरून कधी उतरेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

चैत्रात दोघं वणीच्या गडावर देवीला जाऊन आले. आले ते जरा गप्प गप्पच. काकूंनी प्रसाद दिला, काकांनी तो मोजलाही नाही. आठवड्याने सकाळी काका माझ्या दारात उभे.

"सर, आज सुट्टी ना? चला मेनरोडला. हॅट घ्यायची."

"कुणाला?"

"मला."

मी हसलो. काका हसले नाहीत. आतून काकूंचा आवाज आला, "न्या हो सर त्यांना. म्हातारपणी डोक्यावर पातेलं पाहिजेल हाय!"

पहिल्या दुकानदाराने विचारलं, "गॅदरिंग आहे का?" दुसऱ्याने क्रिकेटची टोपी काढून दिली. तिसऱ्याने काकांच्या धोतराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि दुकान बंद करायची वेळ झाली असं सांगितलं. सकाळचे अकरा वाजले होते. चौथं दुकान लग्नाच्या शेरवान्यांचं निघालं. तिथला तरुण मालक मात्र उत्साही होता. त्याने करड्या, काळ्या, तपकिरी अशा हॅट्स काचेवर मांडल्या. "याला फेडोरा म्हणतात, काका."

"असंल. रोजची घालायची हाय. टिकली पाहिजेल."

काकांनी हॅटची कड चिमटीत धरून पाहिली, आतली शिवण उलटी केली, कापडाचा वास घेतला. पट्टी काढायला हात खिशाकडे गेला आणि परत आला. मग त्यांनी जे केलं ते मी आजवर कुठल्या गिऱ्हाइकाला करताना पाहिलं नाही. करडी हॅट माझ्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "सर, त्या रसाच्या दुकानापाशी जाऊन उभे ऱ्हा."

रसाचं दुकान शंभर पावलांवर, भर गर्दीत. मी गेलो. इकडे काकांनी आपला चष्मा काढला, डोळे मिचमिचे केले आणि माझ्या दिशेने पाहत राहिले. मग नकाराचा हात हलवला. मी परत आलो. काळी घालून गेलो. नकार. तपकिरी, नकार. माझे दोन माजी विद्यार्थी रस पीत होते. प्रत्येक फेरीला ते वेगळ्या हॅटमधल्या सरांना नमस्कार करत होते.

शेवटी मालकाने माळ्यावरून धूळ झटकत एक हॅट काढली. हळदीसारखी पिवळीधमक, भोवती काळी फीत. "ही कुणी घेतच नाही," तो प्रामाणिकपणे म्हणाला. मी ती घालून रसाच्या दुकानापाशी पोचतो न पोचतो तोच काकांनी दोन्ही हात वर केले.

"एक्स्पोर्ट!" ही आरोळी अख्ख्या मेनरोडने ऐकली.

मालकाने काकांच्या डोक्यावर ती जरा कलती बसवली. काकांनी लगेच सरळ केली. "वाकडी नाय. माणूस सरळ तर हॅट सरळ." आणि सदरा, धोतर, वहाणा आणि पिवळी हॅट अशा वेषात ते मेनरोडवरून चालायला लागले. मी दोन पावलं मागे राहिलो. खोटं कशाला बोलू, मला लाज वाटत होती.

त्यांच्या ते लक्षात आलं. थांबून म्हणाले, "सर, भीत भीत दाखवलेला माल गिऱ्हाईक घेत नाय. घातली ना? मग घातली."

त्या 'घातली'ला पुढे बरंच सोसावं लागलं. बिल्डिंगच्या खाली पोरं 'हिरो, हिरो' ओरडायची. काका त्यांना हॅट उचलून सलाम करायचे, मग पोरंच लाजायची. भाजीवाली म्हणाली, "काका, शूटिंग हाय का?" काका म्हणाले, "हाय. तू टमाटे नीट दे." देवळात पुजाऱ्याने हॅट काढायला सांगितली तेव्हा काकांनी शांतपणे विचारलं, "टोपी चालती. मग टोपीला जरा ओसरी काढली तर देवाला काय अडचण?" पुजारी विचारात पडला आणि तेवढ्यात काकांचं दर्शन झालं. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीकाठच्या बाजारात, वाऱ्याने हॅट उडाली तेव्हा सत्तरीचा हा माणूस धोतर खोचून तिच्यामागे असा धावला की बाजारच्या बायकांनी वाट करून दिली.

घरात काकूंचा तोंडाचा पट्टा चालूच. "काय ते ध्यान! शेतात उभं केलं तर पाखरं यायची नाय." पण एक माझ्या लक्षात आलं होतं. एवढ्या शिव्या घालणाऱ्या काकू ती हॅट रात्री स्वतः पुसून खुंटीवर ठेवत. मी म्हटलं, बायकांचं असंच असतं. किती कमी कळतं आपल्याला!

खरी कसोटी मे महिन्यात आली. काकांचे थोरले भाऊ तात्या पत्रिका घेऊन आले. त्यांच्या नातीचं लग्न होतं. वडील लवकर गेले, तेव्हा काकांना या तात्यांनीच वाढवलं, नोकरीला चिकटवलं, लग्न लावून दिलं. काका त्यांच्यासमोर अजूनही खुर्चीच्या कडेवर बसतात. मी तिथेच होतो. तात्यांनी खुंटीवरच्या हॅटकडे बोट केलं.

"निवृत्ती, मांडवात समद्यांना गुलाबी फेटे हायेत. दोन्हीकडच्यांना. हे इथंच ठेवून यायचं."

"तात्या, मी घालूनच येईन."

"व्याही काय म्हणतील? भावकी काय म्हणंल? नवऱ्या मुलाकडचा मानाचा फेटा तू नाय म्हणणार?"

"काय म्हणायचं ते म्हणू द्या."

"मग येऊ नको."

काका खुर्चीच्या कडेवर होते तसेच बसून राहिले. मान खाली. पण म्हणाले, "येणार. घालूनच येणार." काकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "मोठे भाऊजी, मी सांगून थकले. मनावरच घेतलंय यांनी." तात्या चहा न घेता उठले. भावाच्या घरचा चहा नाकारणं म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही.

मी काकांना समजावलं. एक दिवसाचा प्रश्न आहे, भावाचं मन मोडू नका. काका बराच वेळ पट्टीच्या भोकांतून बोट फिरवत राहिले. "सर, तात्यांनी जीव मागितला तर देईन," ते म्हणाले. "हॅट नाय देता येणार." मला राग आला. एका पिवळ्या हॅटपायी माणूस बापासारख्या भावाला दुखावतो, याला काय म्हणावं?

लग्न औरंगाबाद नाक्याच्या पुढच्या एका लॉन्सवर होतं. मित्राची गाडी मागून आणून दोघांना मीच नेलं. आत गेलो तर नजर पोचेल तिथवर गुलाबी फेटे. मलाही एक बांधायला आले होते, मी डोकं दुखतं म्हणून सुटलो. काका हॅट घालून उभे, आणि त्यांच्याभोवती एक रिकामं रिंगण. पाहुणे लांबूनच बघत होते.

मंगलाष्टकांच्या जरा आधी तात्या स्वतः फेटा घेऊन आले. धाकट्या भावापुढे दोन्ही हातांत फेटा धरून उभे राहिले. काकांनी ते हात पाहिले. मग हॅट काढून माझ्याकडे दिली.

"सर, दहा मिनिटं. ही हातात उंच धरा. आणि इथून हलू नका. हलू नका बरं." दोनदा बजावलं. तात्या त्यांना फेटा बांधून स्टेजवर घेऊन गेले. क्षणात ते गुलाबी गर्दीत असे मिसळले की मलाही कोणते ते कळेना.

हात उंच धरून उभं राहणं मला विचित्र वाटलं. म्हणून मी हॅट आपल्या डोक्यावर ठेवली. मोबाइल काढून एक फोटोही घेतला.

मंगलाष्टकं सुरू झाली. तेवढ्यात बायकांच्या बाजूने काकू आल्या. गर्दीतून सरळ, इकडेतिकडे न बघता. माझ्या कोपराला त्यांनी हात घातला आणि हळूच म्हणाल्या,

"अहो, नवरी कशी दिसती? शालू लाल हाय एवढं कळलं. हसती का रडती? सांगा ना. पोरीला न्हाऊमाखू घातलंय मी."

मी इकडे, नवरी समोर वीस पावलांवर, आणि काकू माझ्या तोंडाकडे बघून विचारत होत्या.

काकूंचा हात माझ्या बाहीवरून मनगटापर्यंत आला. घड्याळाला लागला आणि थांबला. "सर?"

"हो, काकू."

त्यांनी हात काढला नाही. म्हणाल्या, "डोळ्यांच्या मधोमध धुकं आलंय, सर. डॉक्टर म्हणतो आता जायचं नाय. चेहरे गेले. रंग तेवढे ऱ्हायले." मग त्या हसल्या. "गडावर त्या दिवशी एका पांढऱ्या टोपीमागं मी पार एसटीपर्यंत गेले. त्याचा हातपण धरला. तो सटाण्याकडचा निघाला. म्हणतो, 'माय, मी तुना नवरा नही शे.' यांना मी सांगितलं, गर्दीत ढकलली गेले. त्यांनी काय विचारलं नाय. आठ दिवसांनी हॅट आणली."

"मग तुम्ही तिला नावं का ठेवता?"

"नाय ठेवली तर त्यांना कळंल ना, मला हॅटशिवाय ते सापडत नाय म्हणून. मी भांडते तवर त्यांना वाटतं, हिला दिसतंय बरंच. सांगू नका, सर."

मी मान हलवली. मग आठवलं की मान हलवलेली त्यांना दिसणार नाही. "नाही सांगणार," मी म्हणालो. आणि नवरी हसतेय, हनुवटीवर हळद राहिलीय, शालूचे काठ हिरवे आहेत, असं जमेल तसं सगळं सांगत गेलो. काकू अक्षता टाकायच्या विसरल्या.

तेवढ्यात स्टेजवर गडबड झाली. ऐन मंगलाष्टकात नवरीचे चुलत आजोबा पायऱ्या उतरून पळत सुटले होते. वरून त्यांना पिवळा ठिपका आणि त्याशेजारी काकू दिसल्या असणार. काका धापा टाकत आले, माझ्या डोक्यावरची हॅट ओढली आणि फेट्यावरच चढवली. लॉन्सभर हशा पिकला. तात्या वर पुतळ्यासारखे उभे.

"काढा ते पातेलं!" काकू सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडल्या. "लोकं हसतात!"

"हसू द्या," काका म्हणाले. काकूंचा हात तोवर त्यांच्या कोपरावर गेला होता.

तात्या त्यानंतर तीन महिने काकांशी बोलले नाहीत. एका वाक्यात काकांना सगळं मिटवता आलं असतं. ते वाक्य त्यांनी भावालाही सांगितलं नाही, कारण ते काकूंचं होतं.

लग्नाच्या दिवशी परतताना गाडीत काकू मागच्या सीटवर झोपल्या. काका माझ्या शेजारी, हॅट मांडीवर. हळू आवाजात म्हणाले, "सर, ती तुमच्यापाशी आली ती... तुम्हालाच भेटायला ना? तुम्ही सर म्हणून ओळखून?"

"हो, लांबूनच ओळखलं. 'सर, काय हे सोंग' म्हणाल्या."

काका माझ्याकडे बघत राहिले. चाळीस वर्षं मालातली खोट पकडलेला माणूस. मी उगाच गियर बदलला. मग त्यांनी मागे वळून काकूंकडे पाहिलं आणि हॅट परत डोक्यावर, सरळ बसवली.

"माणूस एक्स्पोर्ट हाय तुम्ही, सर," ते म्हणाले, आणि मी गाडी द्वारका चौकाकडे वळवली.